मग पुढे?

गोष्ट संपली की मोठी माणसे उठतात आणि मुले विचारतात, 'मग पुढे?' हा प्रश्न मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. राक्षस मेला, राजकन्येचे लग्न झाले, सारे गाव जेवून झोपी गेले, तरी पहिल्या बाकावरचा कोणीतरी बोट वर करतोच. मग पुढे? पुढे काही नाही बाबा, घंटा झाली, घरी जा, असे म्हणून आम्ही मास्तर लोक हातांवरचा खडू झटकतो. ते मूल मात्र तो प्रश्न दप्तरात घालून घरी नेते, हे मला फार उशिरा कळले.

खरे म्हणजे मला ते आधी कळायला हवे होते, कारण मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्या छापल्या गेल्या आणि आज निरनिराळ्या वाचनालयांच्या कपाटांत निवांतपणे उभ्या आहेत. त्यांपैकी एकीचाही पुढचा भाग आजवर कोणी मागितलेला नाही. आमच्या घरात तर एकीचा पहिलाच भाग अर्ध्यावर पालथा घालून ठेवलेला आहे, आणि त्यावर रोज सकाळी चष्मा विसावतो. शिक्षण म्हणाल तर मी मॅट्रिक; त्यावर चित्रकलेची पदविका. त्या भांडवलावर पोंभुर्ण्याच्या मुलांना आंबा, कळशी आणि उगवता सूर्य काढायला शिकवावे, आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहावी, असा माझा संसार चालला आहे.

पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि पूर्वेकडे गेले की वैनगंगा. तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. आमच्या मुलांचा सिनेमा म्हणजे घरचा टीव्ही, नाहीतर बापाच्या मोबाइलचा तळहाताएवढा पडदा. म्हणून सहासात वर्षांपूर्वी शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा एका शनिवारी मुलांना भिंतीएवढा सिनेमा दाखवायचे आम्ही ठरवले. मुंबईच्या माझ्या भाच्याने एक तबकडी पाठवून दिली होती. नाव होते 'स्टुअर्ट लिटल २'. पहिला भाग त्याला मिळाला नव्हता. मामाला दुसऱ्या भागाने सुरुवात केली तरी काय फरक पडणार, असा त्याने विचार केला असावा.

हा सिनेमा २००२ सालचा. रॉब मिंकॉफ नावाच्या दिग्दर्शकाने तो केला. न्यूयॉर्क शहरातले लिटल नावाचे एक कुटुंब. आई, बाप, जॉर्ज नावाचा मुलगा, पाळण्यातली एक मुलगी, आणि या सर्वांच्या जोडीला स्टुअर्ट नावाचा एक पांढरा उंदीर. पाहुणा म्हणून नव्हे, दत्तक घेतलेला मुलगा म्हणून. तो शर्ट घालतो, टेबलावर जेवतो, इवलीशी मोटार चालवतो आणि माणसासारखा बोलतो. माणसे खरी आणि उंदीर तेवढा संगणकावर काढलेला. चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, त्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा हलताना पाहून मला माझ्या हातातल्या खडूची लाज वाटली.

श्रावणातली दुपार होती. खिडक्यांना सतरंज्या टांगून आम्ही अंधार केला. दीडशे मुले दाटीवाटीने बसली. मला धास्ती होती ती ही की, हे परदेशी घर, ते कपडे, ती हिंदीत बोलणारी गोरी माणसे आमच्या पोरांना रुचतील कशी? पण मुलांना त्यांतल्या कशाचेही नवल वाटले नाही. नवल वाटले ते एका गोष्टीचे. घरात उंदीर आहे, मांजर आहे, आणि तरीही धानाची एकही कोठी दिसत नाही! "मंग हा उंदीर खाते तरी काय जी, सर?" असा एकाने मोठ्यांदा प्रश्न केला. ज्याच्या घरात उंदीर आणि माणूस यांच्यात बारा महिने युद्ध चालते, त्याला हा प्रश्न पडणारच.

गोष्ट साधीच आहे. स्टुअर्ट शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो, आणि आईचा जीव थाऱ्यावर नसतो. हा एवढासा, इतर मुलांच्या बुटाखाली आला तर? बापाला वाटते, खेळू द्यावे. मग एके दिवशी स्टुअर्टच्या मोटारीत आकाशातून एक जखमी पाखरू पडते. तिचे नाव मार्गालो. तिच्या मागे एक ससाणा लागलेला असतो. स्टुअर्ट तिला घरी आणतो, जीव लावतो. पण ही पोरकी पाखरीण त्या ससाण्याच्याच दहशतीखाली चोऱ्या करणारी असते. ती आईची अंगठी पळवते. अंगठी मोरीच्या नळात पडली असे सगळ्यांना वाटते, आणि इतका बारीक दुसरा कोण आहे म्हणून स्टुअर्ट कमरेला दोरी बांधून त्या नळात उतरतो. खाली, आणखी खाली. आणि दोरी तुटते.

नेमकी त्याच क्षणी आमची वीज गेली.

असा कल्लोळ मी वर्गात कधी ऐकला नव्हता. दीडशे गळ्यांतून एकच प्रश्न आला, 'मग पुढे?' बाहेर पाऊस, आत अंधार, आणि अंधारात तर्क सुरू झाले. कोणी म्हणाला, मांजर त्याला काढील. कोणी म्हणाला, पाणी सोडा, वाहत वाहत बाहेर येईल. आमचा एक बारका विद्यार्थी रडवेला होऊन म्हणाला, "तो मरते काय जी?" त्यावर मागून एका थोराड आवाजाने त्याला झापले, "अबे, त्याचा पहिला भाग होता ना? त्याच्यात मेला असता त हा दुसरा भाग कसा निंगला असता?"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात मुलींच्या रांगेतून एक हळू आवाज आला, "त्याची माय काय करत असंल?" त्याला कोणी उत्तर दिले नाही.

वीस मिनिटांनी वीज आली. ज्या मार्गालोने अंगठी चोरली तिनेच स्टुअर्टला नळातून वर काढले, आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. पुढे ती ससाण्याच्या तावडीत परत जाते. तिला सोडवायला स्टुअर्ट मांजराला बरोबर घेऊन निघतो. कचऱ्याच्या ढिगात फेकला जातो. आपले मोडके खेळण्यातले विमान दुरुस्त करून ससाण्याशी झुंजतो. आणि घरी परत येतो. शेवटी मार्गालो दक्षिणेकडे उडून जाते आणि स्टुअर्ट तिला जाऊ देतो. जाणाऱ्याला जाऊ द्यायचे असते, हे आईकडून नव्हे तर आईच्या काळजीकडे पाहून तो शिकला असावा.

त्या रात्री मी बोलणाऱ्या प्राण्यांचा विचार करीत अंथरुणावर पडलो होतो. पाखराला सोडवणारा उंदीर आपल्याला काही नवा नाही. पंचतंत्रातल्या हिरण्यक नावाच्या उंदराने चित्रग्रीव कबुतराचे जाळे कुरतडले, ते हॉलीवूडच्या कितीतरी शतके आधी. स्टुअर्टची मूळ गोष्ट मात्र इ. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाची, १९४५ साली छापलेली. त्या पुस्तकात मार्गालो उडून जाते, स्टुअर्ट मोटारीतून तिच्या शोधात उत्तरेला निघतो, आणि तो वाटेवर असतानाच पुस्तक संपते. ती त्याला भेटली की नाही, लेखक सांगत नाही. सिनेमावाल्यांनी आपल्या दुसऱ्या भागात ते दोघांना भेटवले. व्हाइटसाहेबांना जे सांगायचे नव्हते ते पोरांनी विचारले होते, एवढाच याचा अर्थ.

आणि आमची वैनगंगा? तिच्या काठची जनावरे तर साऱ्या जगाशी बोलली आहेत. रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधली नदी हीच. मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगराळ मुलखात ती उगम पावते, आणि खाली वाहत वाहत आमच्या तालुक्यापर्यंत येते. किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईचा. त्याचा बाप जे. जे. कलाशाळेत शिक्षक होता. चित्रकलेच्या मास्तरांच्या पोरांना जनावरांची भाषा समजते, असे मी या आधारावर घरी सांगत असतो. पहिले 'जंगल बुक' १८९४ साली आले आणि लगेच पुढच्या वर्षी दुसरे. म्हणजे त्यालाही कोणीतरी 'मग पुढे?' विचारले असणार. १९९३ साली दूरदर्शनवर मोगली आला तेव्हा मी शाळेत होतो. रविवारी सकाळी गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे आम्ही सारे गोळा व्हायचो. शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात बोलू लागला की पोटात गोळा येई, आणि तरी मजा वाटे. अलीकडे २०१२ सालच्या 'दिल्ली सफारी'त मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलातला एक बिबट्याचा बछडा आपले गाऱ्हाणे माणसांना सांगायला दिल्ली गाठतो. त्याचा बाप मेलेला असतो, आणि जंगल तोडले जात असते. लहानसे जनावर बोलू लागले की आपल्याला ते आपल्यातले वाटते. त्याची भीती आपल्याला ऐकू येते.

पण आमच्याकडचा वाघ हिंदीत बोलत नाही. तो मराठीतही बोलत नाही.

सोमवारी चित्रकलेच्या तासाला मी मुलांना सिनेमातला आवडलेला प्रसंग काढायला सांगितला. चाळीस वह्यांवर चाळीस विमाने उडाली. एका मुलाने ससाण्याला मिशा काढल्या होत्या. एका वहीवर मात्र उंदीरच नव्हता. एक घर, एक उघडे दार, आणि दारात उभी असलेली एक बाई. नऊवारी नेसलेली. मी विचारले, "स्टुअर्ट कुठे आहे?" ती मुलगी म्हणाली, "तो भायेर गेला आहे ना, सर. माय वाट पाहून राहिली." तेव्हा मला अंधारातला तो हळू आवाज ओळखू आला. आठवीतली मुलगी. जंगलाकडच्या एका खेड्यातून, सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलवर, रोज सात किलोमीटर येणारी. त्यातले तीन किलोमीटर दोन्ही बाजूंना झाडी. ते चित्र मी मागून घेतले. अजून माझ्यापाशी आहे.

दिवाळी झाली, धानाची कापणी सुरू झाली. आणि त्याच सुमारास त्या खेड्याच्या शिवारात गवत कापायला गेलेल्या एका बाईला वाघाने मारले. आमच्या जिल्ह्यात ही बातमी नवी नाही. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान केले, १९९५ च्या सुमारास ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ जगले, वाढले, आणि वाघाला नकाशावरची रेघ वाचता येत नाही. लांबलांबचे लोक आमचा वाघ पाहायला पैसे मोजून येतात, आणि आमचे लोक तो दिसू नये म्हणून देवाला नारळ बोलतात. दोन्ही खरे आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्या खेड्यातल्या पाचही मुली शाळेत येईनाशा झाल्या. आठवडा गेला, दुसरा गेला. हजेरीपटावर गैरहजेरीची ओळ लांबत चालली. आमच्या भागात शाळा सुटली की मुलीचे पुढे काय होते, ते सांगायला नको. एका रविवारी मी मोटारसायकल काढली.

तिची आई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिने पदर सावरला, बाज ओढून दिली, आणि कोरा चहा आणून ठेवला. मुलगी दाराआड उभी होती. मी शिक्षणाचे महत्त्व सांगितले. सरकारी भित्तिपत्रकावर असते ते सगळे सांगितले. ती ऐकत होती आणि सूप हलवीत होती. शेवटी मी आपला हुकमाचा पत्ता काढला. ते चित्र दाखवले, आणि त्या एवढ्याशा उंदराची आई मनावर दगड ठेवून त्याला बाहेर पाठवते, ही गोष्ट रंगवून सांगितली. कादंबरीकाराला आणखी काय येते!

तिने चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "उंदराची माय सिनेमातली हाय जी, गुर्जी. तिचं पोरगं वापस येते. तिच्या गोष्टीत तसं लिवूनच ठेवलं हाय."

मी गप्प झालो. मग तिने सूप खाली ठेवले आणि सरळ माझ्याकडे पाहून विचारले, "तुमची पोरगी असती त धाडली असती काय तुमी?"

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. आमचे घर शाळेपासून दोन मिनिटांवर. तीही चौकात वळेपर्यंत तिची आई दारात उभी असते. खोटे बोलायचे मनात आले होते. मास्तरांना सवय असते. पण दाराआडून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते.

"नसती धाडली," मी म्हणालो. "एकटी नसती धाडली."

तो 'एकटी' शब्द माझ्या तोंडून कसा गेला कोण जाणे. पण गेला, आणि मग त्याच शब्दाला धरून आम्ही बोलत बसलो. शेजारच्या बाया आल्या, पुरुष आले. कोणी मला दोष दिला, कोणी वाघाला, कोणी नशिबाला. दिवेलागणीला ठरले ते असे: पाचही मुली एकत्र निघतील. सकाळी गावातले दोन बाप पाळीपाळीने काठ्या घेऊन झाडी संपेपर्यंत बरोबर येतील. संध्याकाळी पोहोचवायचे ते आम्ही मास्तरांनी. मी आणि माझे एक सहकारी.

वाचकहो, यात शौर्य काही नव्हते. पहिल्या संध्याकाळी माझे पाय लटपटत होते. मुली सायकलींच्या घंट्या वाजवीत मध्ये, पुढे मी, मागे सहकारी. ते पाढे म्हणायला लावीत, म्हणजे आवाज होत राहावा. एकोणतीसचा पाढा त्या मुलींना जंगलाने पाठ करून दिला. रोज झाडी संपून गावचा दिवा दिसला की मोडक्या कुंपणापाशी ती बाई उभी असे. चित्रातल्यासारखी. एक अक्षर बोलत नसे. पाच सायकली मोजायची आणि आत जायची.

असेच पौषातल्या एका संध्याकाळी आम्ही चाललो होतो. पाढा सतराचा चालू होता. एकाएकी ती मुलगी सायकलवरून उतरली आणि हात वर करून म्हणाली, "थांबा जी सर. वांदरं बोलून राहिले."

आम्ही थांबलो. मला आधी काहीच ऐकू आले नाही. मग आले. उजव्या हाताच्या झाडीत, उंचावरून, खॅक्, खॅक्, खॅक्. थोड्या वेळाने त्याच बाजूने चितळाची शीळ. "थो तिकडं हाय," ती कुजबुजली. "आता नाल्याकडं जाईल. वांदरं गप झाले का मंग जाऊ." तेरा वर्षांची पोर सांगत होती आणि दोन मास्तर ऐकत होते. दहा मिनिटे असतील. मला ती दहा वर्षांची वाटली. आवाज दूर दूर गेला. मग थांबला. जंगल निपचित झाले. "चला," ती म्हणाली. आम्ही घंट्या वाजवीत निघालो. वाघ दिसला नाही. तो होता की नव्हता, हेही मी शपथेवर सांगू शकणार नाही.

जनावरे बोलतात. मी उगाच इतकी वर्षे तबकड्या मागवीत होतो.

त्या रात्री तिच्या आईने पाच सायकली मोजल्या आणि पहिल्यांदाच तोंड उघडले. "आज टाइम लागला जी, गुर्जी." मी म्हणालो, "हो, जरा लागला." मुलीने माझ्याकडे पाहिले, मी मुलीकडे पाहिले. सिनेमातला जॉर्जही स्टुअर्टसाठी आईशी अशीच थाप मारतो.

उन्हाळ्यापर्यंत आमचा हा फेरा चालला. पाचांपैकी चौघी दहावी झाल्या. एकीचे लग्न नववीतच ठरले; ते आम्हाला मोडता आले नाही. सगळ्या गोष्टींचा दुसरा भाग आपल्याला हवा तसा निघत नाही.

ती मुलगी आता चंद्रपूरला परिचारिकेचा अभ्यासक्रम करते. गेल्या दिवाळीत गावी आली तेव्हा आईने दिलेले अनरसे घेऊन आमच्या घरी आली होती. बोलता बोलता तिने भिंतीवरचे ते जुने चित्र पाहिले आणि हसत विचारले, "सर, त्या उंदराचं मंग पुढं काय झालं? तिसरा भाग निंगला काय?"

"निघाला," मी म्हणालो. "त्यात सगळे कुटुंब जंगलातल्या एका तळ्याकाठी सुटीला जाते. स्टुअर्टही जातो."

"जंगलात?" ती जरा थबकली. "अन् त्याची माय?"

"तीही जाते."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि अनरशाचा डबा माझ्या पुढ्यात सरकवला.

"बरं झालं जी," ती म्हणाली. "एकटा नाही गेला."